सेल्कर्कचा शेरीफ : सर वॉल्टर स्कॉट

इंग्रजी वाङ्मयाशीं ज्याचा थोडाबहुत परिचय झाला आहे अशा विद्यार्थ्यास सर वॉल्टर स्कॉट हें नांव नवीन नाहीं. 'आयव्हॅनहो' व 'टॅलिस्मन' या त्याच्या कादंबऱ्या किंवा 'लेडी ऑफ दि लेक' हें काव्य पुष्कळांच्या वाचनांत आलेलें असतें. परंतु ज्याच्या लेखणीनें सारें युरोप मोहून टाकिलें तो हा ग्रंथकार आयुष्याचीं शेवटचीं जवळजवळ ३३ वर्षें एका लहानशा डोंगराळ परगण्याचा न्यायाधिकारी होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. १७९९ सालच्या डिसेंबर महिन्यांत त्याला सेल्कर्कशायर परगण्याचें शेरीफपद मिळालें, आणि १८३२ सालीं तो वारला तेव्हांही तें त्याच्याकडेच होतें. मध्यंतरीं कीर्ति आली, संपत्ति आली आणि गेली, शरीरही थकलें. पण हें पद त्यानें सोडलें नाहीं. स्कॉटच्या ग्रंथांचें गुणवर्णन करणारे लेख पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखांत त्याच्या चरित्राकडे या शेरीफपदाच्या बाजूनें पाहावयाचें योजिलें आहे.

प्रथम शेरीफ म्हणजे कोण हें सांगणें अवश्य आहे. मुंबई शहरांत शेरीफ म्हणून एका प्रतिष्ठित नागरिकाची नेमणूक होत असे. तें पद केवळ मानाचें. अमेरिकेंतील शेरीफ हा बंदोबस्त ठेवणारा व गुन्हेगार पकडणारा अंमलदार. स्कॉटलंडांतील शेरीफ मात्र या दोहोंहून निराळा. तो आपल्या परगण्याचा न्यायाधीश होय. हें पद फार जुनें आहे. बाराव्या शतकांत पहिला डेव्हिड हा राजा स्कॉटलंडांत राज्य करीत होता. त्याच्या व त्याच्या मागून आलेल्या राजांच्या अमदानींत देशाचे परगणे पाडून प्रत्येकावर एकेक शेरीफ नेमण्याची पद्धति पडली. राजाच्या किल्ल्यांत राहून वसूल गोळा करणें, प्रसंगीं फौज जमविणें आणि रयतेचे तंटे तोडणें, हीं तिन्ही कामें त्याच्याकडे असत. पण जेथें सत्ता आणि उत्पन्न हीं एकत्र येतात तेथें तीं घराबाहेर जाऊं द्यावीं असें कोणास वाटेल? हळूहळू हीं पदें आपल्याकडील देशमुखी-पाटिलकीच्या वतनांप्रमाणें वंशपरंपरेचीं झालीं. सेल्कर्कचें शेरीफपद १५०९ सालीं चौथ्या जेम्स राजानें मरे नांवाच्या घराण्यास वंशपरंपरेनें दिलें, आणि तें पुढें सवादोनशें वर्षांहून अधिक काळ त्या घराण्यांत चाललें. बाप शहाणा म्हणून मुलगाही शहाणाच निघेल असा नियम नाहीं. शिवाय ज्याची जमीन कसावयाची त्याच्याच दरबारीं दाद मागावयाची, अशी स्थिति असल्यावर गरीब कुळाला न्याय किती मिळणार हें उघडच आहे.

ही व्यवस्था एका बंडामुळें मोडली. १७४५ सालीं पदच्युत स्ट्यूअर्ट राजवंशांतील चार्ल्स एडवर्ड हा राजपुत्र स्कॉटलंडांत उतरला, आणि डोंगरी मुलुखांतील कित्येक सरदार आपापलीं माणसें घेऊन त्यास मिळाले. पुढील वर्षीं कलोडनच्या लढाईंत त्याचा पुरता मोड झाला. परंतु सरदारांच्या हातीं न्यायाची सत्ता असेपर्यंत त्यांचीं कुळें त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाहींत, हें सरकारानें ओळखिलें. म्हणून १७४७ सालीं पार्लमेंटानें कायदा करून वंशपरंपरेच्या न्यायसत्ता काढून घेतल्या, आणि त्यांच्या मालकांस नुकसानभरपाई म्हणून एकंदर सुमारें दीड लाख पौंड दिले. यापुढें शेरीफ राजानें नेमावयाचा. तो निदान तीन वर्षें वकिली केलेला कायदेपंडित असावयाचा. आणि त्यानें वर्षांतून चार महिने तरी आपल्या परगण्यांत राहिलेंच पाहिजे, असें ठरलें. जें कालपर्यंत घराण्याचें वतन होतें तें आतां विद्येनें मिळवावयाचें व कामानें सांभाळावयाचें पद झालें. स्कॉटच्या वांट्यास आलें तें हें नवें शेरीफपद.

वॉल्टर स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजीं एडिंबरो येथें झाला. बाप वकिलीच्या धंद्यांतला, अत्यंत नेमस्त व कर्तव्यदक्ष गृहस्थ. आई एका नामांकित वैद्याची मुलगी. मूल दीड वर्षाचें असतांना त्यास ताप आला, आणि तो उतरल्यावर उजवा पाय लुळा पडल्याचें दिसून आलें. तो पुढें जन्मभर अधूच राहिला. मोकळ्या हवेनें गुण येईल या आशेनें मुलास त्याच्या आजोबांच्या सँडीनो येथील शेतावर पाठविण्यांत आलें. हा भाग इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सरहद्दीजवळचा. शेतानजीकच एका उंच खडकावर स्मेलम नांवाचा जुना पडका बुरूज उभा होता. मेंढपाळांच्या संगतींत गवतावर लोळत, आत्याच्या व आजीच्या तोंडून सरहद्दीवरील चढायांच्या, गुरें पळविण्याच्या व सूड घेण्याच्या गोष्टी आणि पोवाडे ऐकत तो मुलगा वाढला. लंगडा पाय त्याच्या शरीरास जखडून ठेवूं शकला नाहीं. मोठेपणीं तो दिवसाकांठीं वीस-तीस मैल सहज चालत असे, आणि घोड्यावर तर पटाईत होता.

एडिंबरोच्या हायस्कुलांत व विश्वविद्यालयांत शिक्षण झाल्यावर १७८६ सालीं बापानें त्यास आपल्याच कचेरींत पांच वर्षांच्या उमेदवारीस ठेविलें. तेथें काम म्हणजे कागदपत्रांच्या नकला. गोष्टींनीं भरलेल्या डोक्याच्या मुलास हें नीरस वाटलें असल्यास नवल नाहीं. पण त्यानें तें टाळलें नाहीं. आणि भराभर, न थकतां पानामागून पान लिहीत जाण्याची जी संवय त्याच्या हातास या कचेरींत लागली, तीच पुढें एका मोठ्या संकटांत त्याच्या उपयोगीं पडली. या उमेदवारींतच त्यास एकदां डोंगरी मुलुखांत एक हुकूमनामा बजावण्यास जावें लागलें. मॅक्लॅरेन नांवाच्या कुळांस जमिनीवरून उठवावयाचें होतें. दंगा होईल या भीतीनें त्याच्याबरोबर एक सार्जंट व सहा शिपाई दिले होते. जाऊन पाहतात तों घर रिकामें. मंडळी अगोदरच निघून गेलेली. पण त्या प्रवासांत लॉक कॅट्रिन सरोवराचा रम्य प्रदेश स्कॉटनें प्रथम पाहिला, आणि १८१० सालीं याच सरोवराच्या कांठीं त्यानें आपल्या 'लेडी ऑफ दि लेक' काव्याची कथा रचिली.

१७९२ सालीं स्कॉटला वकिलीची सनद मिळाली. आरंभीं त्याचीं अशिलें बहुधा दरिद्री व बहुधा अपराधी अशींच असत. जेडबरो येथें त्यानें एका घरफोड्याचें वकीलपत्र घेतलें होतें. तो मनुष्य दोषी ठरला. पण आपल्या वकिलाची मेहनत पाहून त्यास बरें वाटलें. हातीं पैसा नव्हता, तेव्हां फीऐवजीं त्यानें दोन गोष्टी शिकविल्या. दाराबाहेर मोठा कुत्रा बांधण्यापेक्षां घरांत एक लहान पण सारखें भुंकणारें कुत्रें ठेवावें. आणि कुशल कारागिरीच्या नव्या कुलपांवर भिस्त न ठेवतां जुनें, जड, गंजलेल्या किल्लीचें कुलूप लावावें, कारण चोराला त्याचीच अडचण अधिक. ही फी आपणांस मोठी मोलाची वाटते असें स्कॉट पुढें विनोदानें सांगत असे.

त्याच वर्षापासून न्यायालयास सुटी लागली कीं स्कॉट घोडा घेऊन लिड्सडेलच्या दरीकडे निघे. वाटाड्या म्हणून शेजारच्या रॉक्सबरोशायर परगण्याचा दुय्यम शेरीफ रॉबर्ट शॉर्टरीड हा त्याच्यासोबत असे. त्या दरींत धड रस्ता नव्हता, उतरावयास धर्मशाळाही नव्हती. पुढें एका फेरीच्या वेळीं स्कॉट लहान गाडींतून गेला, तेव्हां चाकांचें वाहन म्हणून त्या दरींत लोकांनीं प्रथमच पाहिलें. मेंढपाळांच्या झोंपडींत रात्र काढावी, म्हाताऱ्या माणसांस बोलतें करावें आणि त्यांच्या तोंडचे पोवाडे उतरून घ्यावे, असा क्रम सात वर्षें चालला. या भटकंतीनें त्याची वकिली वाढली नाहीं. परंतु ज्या लोकांचा न्याय त्यास पुढें करावयाचा होता त्यांची भाषा, त्यांचा अभिमान व त्यांचे हेवेदावे हे सारे त्याच्या ओळखीचे झाले.

१७९९ सालीं सेल्कर्कच्या शेरीफाची जागा रिकामी झाली. ती स्कॉटला मिळाली ती केवळ गुणांवर मिळाली असें म्हणतां येणार नाहीं. वशिल्याचे ते दिवस होते. बक्लूच्या ड्यूकचें घराणें स्कॉट कुळाचें मुख्य. त्यानें शब्द टाकला, आणि त्या वेळीं स्कॉटलंडच्या नेमणुका ज्याच्या हातीं असत त्या हेन्री डंडासनें तो मानला. हा डंडास हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचाही त्या वेळीं अध्यक्ष होता. अशा रीतीनें २८ वर्षांचा स्कॉट सालीना ३०० पौंड वेतनावर शेरीफ झाला. दोन वर्षांपूर्वीं त्याचें लग्न झालें होतें. या वेतनानें संसारास स्थैर्य आलें. आपलें पोट लेखणीवर अवलंबून असूं नये असा त्याचा निश्चय होता, आणि शेरीफपदामुळें तो पार पडला.

सेल्कर्कशायर परगणा अगदीं लहान. एट्रिक व यॅरो या नद्यांच्या दऱ्या, ट्वीड नदीचा कांठ, चहूंकडे बोडक्या टेंकड्या आणि त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या. सारी वस्ती पांचसहा हजारांची. मोठे खटले थोडे. शेजाऱ्यापाजाऱ्यांचीं भांडणें, थकलेली मजुरी, देणींघेणीं, मारामाऱ्या, चोरून केलेली शिकार, असलींच प्रकरणें बहुतेक. नित्याचें काम दुय्यम शेरीफ पाही. त्याच्या निकालावर तक्रार झाली म्हणजे कागद स्कॉटकडे येत. याशिवाय दरसाल धान्याचे भाव ठरविणें, निवडणुकीची व्यवस्था पाहणें व परगण्यांत शांतता राखणें हींही कामें शेरीफाचींच होतीं. सेल्कर्कच्या न्यायालयांतील स्कॉटचे निकाल जॉन चिझम नांवाच्या कायदेपंडितानें शोधून काढून १९१८ सालीं पुस्तकरूपानें छापले. ज्यांत कीर्तीचा लेशही नव्हता अशा या बारीकसारीक तंट्यांचे निकालही जपून ठेवण्यासारखे वाटले, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आरंभीं मात्र त्याच्याकडून एक कसूर होत होती. घर एडिंबरोंत, वकिली तेथेंच, आणि फ्रेंचांच्या स्वारीच्या धास्तीनें उभारलेल्या हौशी घोडदळांत तो मोठ्या उत्साहानें कवाईत करीत असे. चार महिने परगण्यांत राहण्याचा नियम कागदावरच राहूं लागला. परगण्याचा लॉर्ड लेफ्टनंट लॉर्ड नेपियर यानें याबद्दल स्पष्ट तक्रार केली. स्कॉटला ती प्रथम लागली. पण कायदा नेपियरच्या बाजूनें आहे हें त्यास कबूल करावें लागलें. १८०४ सालीं तो कुटुंबासह सेल्कर्कशायरमधील ॲशेस्टील येथें ट्वीडच्या कांठीं राहावयास गेला. नाइलाजानें उचललेल्या या पावलानेंच त्याचें भाग्य उघडलें असें म्हटलें पाहिजे. कारण त्याच्या प्रतिभेचें खरें माहेर एडिंबरोच्या गल्ल्यांत नव्हे, तर या टेंकड्यांत होतें.

तत्पूर्वींच, १८०२ व १८०३ या सालीं, सरहद्दीवरील पोवाड्यांचा त्याचा संग्रह तीन भागांत प्रसिद्ध झाला होता. या कामीं त्यास साह्य करणारा जॉन लेडन हा मेंढपाळाचा विद्वान मुलगा १८०३ सालीं हिंदुस्थानांत आला व १८११ सालीं जावा बेटांत वारला. एट्रिकचा मेंढपाळ कवि जेम्स हॉग याच्या आईनें स्कॉटला कित्येक पोवाडे म्हणून दाखविले. मात्र गाण्यासाठीं असलेल्या वस्तु छापून आपण त्यांचा नाश केला, असें तिनें त्यास तोंडावर सुनावण्यास कमी केलें नाहीं. या संग्रहांत मरे नांवाच्या बंडखोराचा एक पोवाडा आहे. एट्रिकच्या अरण्यांत तो राजासही जुमानीत नसे. अखेर समेट होऊन राजानें त्यासच त्या अरण्याचा शेरीफ केलें, अशी ती कथा. म्हणजे ज्या वतनदार घराण्याची सत्ता मोडून नवें शेरीफपद निर्माण झालें, त्याच घराण्याच्या पराक्रमाचा पोवाडा त्या नव्या पदावरील शेरीफ जपून ठेवीत होता. जुन्या काळावर प्रेम करावें, पण न्याय नव्या कायद्यानें करावा, असा हा स्कॉटचा स्वभाव होता.

न्याय करितांना मनुष्य ओळखण्याची त्याची हातोटी एका गोष्टीवरून दिसून येते. चोरून शिकार केल्याच्या आरोपावरून टॉम पर्डी नांवाचा एक मनुष्य शेरीफापुढें आणण्यांत आला. घरीं बायको व पुष्कळ मुलें, काम कोठें मिळत नाहीं, आणि पक्षी तर माळावर हवे तितके, अशी आपली हकीकत त्यानें इतक्या करुण आणि तितक्याच मिस्किल रीतीनें सांगितली कीं स्कॉटचें मन द्रवलें. त्यानें पर्डीस आपल्याच घरीं मेंढपाळ म्हणून ठेवून घेतलें. पुढें तो त्याच्या शेतीचा कारभारी झाला, आणि १८२९ सालीं मरेपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ त्यानें धन्याची अत्यंत इमानानें सेवा केली. मेलरोझच्या पुरातन मठाच्या आवारांत त्यास पुरलें, आणि त्याच्यावर स्मारकशिला स्कॉटनें स्वतः बसविली. सगळ्याच अपराध्यांस असें घरीं ठेवितां येत नाहीं, हें खरें. पण ज्यास काम नाहीं त्यास काम देणें ही शिक्षेहून मोठी सुधारणा होय, हें त्या शेरीफानें ओळखिलें. बादशहानें स्कॉटला बॅरोनेट केल्यानंतरही तेथील मेंढपाळ व मजूर त्यास आपल्या बोलींत शेरीफ म्हणूनच संबोधीत.

१८०६ पासून स्कॉटकडे एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयांतील क्लार्काचेंही काम आलें. वर्षांतील सुमारें सहा महिने न्यायाधीशांच्या खालच्या मेजाशीं तो बसे. १८१२ सालीं तो ट्वीडच्याच कांठीं स्वतः विकत घेतलेल्या शेतावर राहावयास गेला. त्यास त्यानें ॲबट्सफर्ड असें नांव दिलें. १८१४ सालीं 'वेव्हर्ली' ही कादंबरी निघाली. तिच्यावर लेखकाचें नांव नव्हतें, आणि हें गुपित स्कॉटनें पुढें १८२७ पर्यंत राखलें. या पहिल्याच कादंबरीचा विषय १७४५ चें तें बंड होय. ज्या बंडामुळें त्याच्या पदाचें रूप पालटलें, त्यांत पडलेल्या शूर पण हट्टी माणसांकडे हा कायद्याचा सेवक किती सहानुभूतीनें पाहतो, हें वाचकांनीं मूळ ग्रंथांतच पाहावें. १८१५ सालच्या 'गाय मॅनरिंग' या कादंबरींत एका खुनाचा तपास शेरीफच करितो, आणि मातींत उठलेल्या पाउलांच्या ठशांवरून घडलेली हकीकत जुळवितो. १८१८ सालच्या 'हार्ट ऑफ मिडलोथियन' मध्यें जीनी डीन्स ही गरीब मुलगी बहिणीचा जीव वांचविण्यासाठींही शपथेवर खोटें बोलत नाहीं; पण खटला संपल्यावर राजाकडे दया मागण्यासाठीं पायीं लंडनची वाट धरिते. खरें आणि दया या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रत्येक न्यायाधीशापुढचा प्रश्न तेथें मूर्तिमंत उभा राहिला आहे. स्कॉटनें रूढ केलेला ऐतिहासिक कादंबरीचा हा प्रकार पुढें देशोदेशीं पसरला. मराठींत हरि नारायण आपटे यांनीं 'उषःकाल' सारख्या ग्रंथांनीं तो लोकप्रिय केला, हें वाचकांस माहीत आहेच.

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना त्यांचे दोष झांकूं नयेत. स्कॉट राजकारणांत जुन्या मताचा होता, आणि गरिबावर वैयक्तिक दया करणारा हा मनुष्य गरिबांच्या संघटित मागणीकडे मात्र संशयानें पाही. १८१२ सालीं गॅलाशील्स गांवचे विणकर एका विणकराच्या मागावरील कापड कापून टाकण्याच्या बेतांत आहेत अशी बातमी येतांच त्यानें त्यांच्या पुढाऱ्यांस पकडून तो बेत मोडला. शांतता राखणें हें त्याचें कामच होतें. पण त्यांचा पत्रव्यवहार मँचेस्टरच्या विणकरांशीं आहे असें आढळल्यावर त्यास त्यांत राज्यक्रांतीची चाहूल लागली. त्यांच्या हालअपेष्टांची बाजू त्याच्या नजरेस तितकीशी आली नाहीं. दुसरा दोष म्हणजे जमिनीचा लोभ. ॲबट्सफर्डभोंवतालची जमीन तो एकसारखी विकत घेत गेला, वाड्यावर पैसा ओतला, आणि न लिहिलेल्या पुस्तकांच्या मोबदल्यावर खर्च करूं लागला. शिवाय बॅलंटाइन यांच्या छापखान्यांत तो गुप्त भागीदार होता, हें लोकांस ठाऊक नव्हतें.

या सर्वांचें फळ १८२६ सालच्या जानेवारींत मिळालें. लंडन व एडिंबरो येथील प्रकाशकांचीं दुकानें बुडालीं, त्यांबरोबर छापखानाही बुडाला, आणि ५४ वर्षांच्या स्कॉटवर एक लाख पौंडांहून बरेंच अधिक कर्ज येऊन पडलें. दिवाळें काढून मोकळें होण्याची वाट कायद्यानें खुली होती. मदत देऊं करणारे मित्रही पुष्कळ होते. स्कॉटनें दोन्ही नाकारलीं. आपली मालमत्ता व यापुढील लेखनाचें सारें उत्पन्न त्यानें सावकारांच्या विश्वस्तांकडे सोंपविलें, आणि कर्ज फेडण्यासाठीं मुदत एवढीच मागितली. एडिंबरोचें घर विकलें गेलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत पत्नी वारली. तरीही रोजचा लिहिण्याचा नेम चुकला नाहीं. 'वुडस्टॉक' कादंबरी झाली, नेपोलियनचें नऊ खंडांचें चरित्र झालें. दोन वर्षांत सुमारें ४०,००० पौंड सावकारांच्या हातीं पडले. बापाच्या कचेरींत नकला करून तयार झालेला तो हात आतां एका मनुष्याची अब्रू सोडवीत होता. १८३० सालच्या डिसेंबरांत कर्जाचा आणखी एक हप्ता पोंचल्यावर सावकारांनीं आपण होऊन त्याचें ग्रंथालय व घरांतील सामान त्यास परत भेट दिलें.

या सर्व काळांत सेल्कर्कचें शेरीफपद त्याच्याकडे होतें. इतरांच्या देण्याघेण्याचे निवाडे करणाऱ्यानें स्वतःच्या देण्याचा निवाडा अधिक कडक केला, यांत त्याचें थोरपण आहे. जो न्याय आपण दुसऱ्यास सांगतों तोच स्वतःस लावावा, ही गोष्ट बोलावयास सोपी आणि आचरावयास फार अवघड होय.

१८३० साली त्यास अर्धांगाचा झटका आला, व नंतर क्लार्काची जागा त्यानें सोडली. १८३१ सालीं पार्लमेंटाच्या सुधारणेवरून देशभर खळबळ उडाली होती. जेडबरो येथें, जेथें त्यानें तरुणपणीं गरिबांचीं वकीलपत्रें घेतलीं होतीं तेथेंच, सुधारणेच्या विरुद्ध बोलणाऱ्या या वृद्धाची जमावानें हुर्यो केली. सुधारणेची मागणी न्याय्य होती, हें पुढें काळानेंच ठरविलें. पण स्कॉटनें आपलें मत भीतीपोटीं लपविलें नाहीं. सेल्कर्कच्या निवडणुकीच्या दिवशीं तो शेरीफ या नात्यानें हजर होता. तेथें त्याच्या केसास धक्का लावण्याचें कोणाच्या मनांतही आलें नाहीं. मात्र मतदानास आलेल्या एका इसमास कोणी दांडगाई करीत आहे असें दिसतांच, लुळ्या पायाच्या व आजारानें जर्जर झालेल्या त्या शेरीफानें स्वतःच्या हातानें दांडगटास धरिलें आणि मतदान संपेपर्यंत कोठडींत ठेवविलें. मत कोणतेंही असो, तें निर्भयपणें देण्याचा हक्क राखणें हें शेरीफाचें काम, आणि तें त्यानें अखेरपर्यंत केलें.

त्या वर्षाच्या अखेरीस सरकारानें दिलेल्या लढाऊ जहाजांतून तो हवापालटासाठीं माल्टा व इटली येथें गेला. पण घराची ओढ अनावर होऊन १८३२ च्या जुलईंत परतला, आणि २१ सप्टेंबर रोजीं ॲबट्सफर्ड येथें ट्वीडच्या प्रवाहाचा आवाज कानीं येत असतां त्यानें देह ठेविला. ड्रायबरो येथील पडक्या मठांत त्यास मूठमाती देण्यांत आली. कर्जाचा जो भाग उरला होता तो विम्याच्या पैशांतून व त्याच्या ग्रंथांच्या हक्कांतून पुढें १८४७ पर्यंत पुरता फिटला. त्याचा जांवई लॉकहार्ट यानें लिहिलेलें विस्तृत चरित्र १८३७-३८ सालीं प्रसिद्ध झालें. वर दिलेल्यांपैकीं कित्येक गोष्टी त्यामुळेंच आपणांस कळतात.

शेरीफाचें पद स्कॉटबरोबर संपलें नाहीं. स्कॉटलंडांतील बहुतेक दिवाणी व फौजदारी खटले आजही शेरीफांपुढेंच चालतात. १९७५ सालापासून त्या देशाचे सहा शेरीफ-विभाग केलेले आहेत, आणि जुना सेल्कर्कशायर परगणा त्यांपैकीं लोदियन व बॉर्डर्स या विभागांत मोडतो. स्कॉट ज्या इमारतींत न्यायास बसे ती सेल्कर्कच्या बाजारचौकांत उभी असून तेथें त्याच्या आठवणींचें संग्रहालय आहे. समोरच १८३९ सालीं उभारलेला त्याचा पुतळा आहे. एडिंबरो शहरानें आपल्या या सुपुत्राचें दोनशें फूट उंचीचें भव्य स्मारक बांधिलें. तेथें तो ग्रंथकार म्हणून बसलेला आहे. सेल्कर्कच्या लोकांनीं मात्र त्यास शेरीफाच्या झग्यांत उभें केलें आहे. जगाला त्याच्या कादंबऱ्या मिळाल्या. त्या लहान परगण्याला आपलीं क्षुल्लक भांडणें मन लावून ऐकणारा एक न्यायाधीश मिळाला होता. विद्यार्थिमित्रहो, प्रतिभा ही ईश्वरी देणगी आहे व ती सर्वांसच लाभत नाहीं. पण हातीं आलेलें लहान काम तेहतीस वर्षें इमानानें करणें, नियमाचा बोल लागला असतां घर हलवून तो पाळणें, आणि घेतलेलें ऋण शेवटच्या पैपर्यंत आपलें मानणें, हें मात्र आपणांपैकीं प्रत्येकास करितां येण्यासारखें आहे.